ओच्यातली जास्वंद

१

गवरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि माझ्या आईला म्हणाला, "भागूबाई, बिब्बा कुठं लपवलाय त्यो बाहीर काढ."

मी सावळाराम. बारामती डेपोत एकवीस वर्षं एसटी चालवली, आता सणसरला घरीच असतो. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. आई पंचाहत्तरीची. या सर्जेरावाला तो तान्हा असताना तिनंच न्हाऊमाखू घातलं. आणि हा बाबा तिला अरेतुरे करतोय! मी पायरी उतरलोच होतो. शकूनं, माझ्या बायकोनं, मागून सदरा धरला म्हणून त्या दिवशी सर्जेरावाचे दात जागेवर राहिले.

त्याच्या मागं निम्मं गाव होतं. त्याची बायको फुलाबाई वाकून चालत होती. तिनं पदर जरा बाजूला केला आणि बायका 'अगं बया' म्हणत मागं सरल्या. डाव्या कुशीवर पाण्यानं टरारलेले फोड होते, उकळतं तेल सांडावं तसे. त्यांची मुलगी छकुली नववीत होती, तिच्या मानेवर तसेच फोड. शेजारची बनाबाई तिसरी, तिच्याही कमरेवर.

"तिघींनी काल पहाटं माज्या बागंतली फुलं तोडली गवरीला," सर्जेराव म्हणाला. "सांजच्याला फोड आलं. आन आदल्या दिशी दिवस मावळताना ही बागंच्या कडंला व्हती. बिरूनं बघितलंय."

बिरू म्हणजे सर्जेरावाचा गडी, बाग तोच बघायचा. त्यानं खाली बघत मान हलवली.

बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आणि बिब्बा आईच्या बटव्यात कायम असायचा. कुणाची टाच फुटली, कुणाला कुरूप झालं, की सगळं गाव बटव्यासाठी आमच्याच दारात यायचं. तोच बटवा आता तिच्या गळ्याशी आला. कारणही सर्जेरावानं तयार ठेवलं होतं. महिन्यापूर्वी त्यानं आईच्या दोन शेळ्या त्याच्या बांधावर येऊ द्यायच्या बंद केल्या होत्या. त्याचा डूख धरून म्हातारीनं फुलांना बिब्बा चोळला, असं त्याचं म्हणणं.

"उद्या सांजच्याला चावडीवर बैठक," तो म्हणाला. "गुन्हा कबूल झाली तर बघू. न्हाय तर हिनं गाव सोडायचं."

आई उंबऱ्यावर बसली होती. तिनं फुलाबाईच्या फोडांकडं नीट बघितलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. मला वाटलं, म्हातारी हबकली.

तेवढ्यात आतून दिपाली बाहेर आली. माझी मुलगी. बारामतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. आमच्या धनगरवस्तीवरची कॉलेजात गेलेली पहिली पोरगी, आणि हे मी एसटीत तिकीट न काढणाऱ्यालासुद्धा सांगायचो. गवरीला म्हणून घरी आली होती.

"आबा, एकच इचारते," ती सर्जेरावाला म्हणाली. "काकूंनी काल पहाटं नेसलेलं लुगडं कुठं हाय?"

"फोड कमरंला आन ही लुगडं इचारती!" सर्जेराव म्हणाला, आणि लोक हसले.

दिपाली हसली नाही. ती चप्पल घालून त्यांच्या मागोमाग निघाली. मीही निघालो. पोरीला त्या गर्दीत एकटं कोण सोडणार?

२

लुगडं फुलाबाईच्या परसात दोरीवर वाळत होतं. मोतिया रंगाचं, गवरीसाठी नवीन घेतलेलं. दिपालीनं ते उन्हात धरलं, पदर बघितला, निऱ्या बघितल्या, कमरेजवळचा भाग तर बोटानं चाचपून बघितला.

"धुतलं तेव्हा डाग होता का काकू?"

"जरा पिवळं पिवळं व्हतं. पान्यात घातलं की गेलं."

"गेलं?" दिपालीनं पुन्हा विचारलं.

"गेलं म्हंजी गेलं. का गं?"

 दिपालीनं फुलाबाईचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे केले, बोटांच्या बेचक्याही बघितल्या. हात स्वच्छ होते.

"फुलं तोडली हातानं. मग फोड कमरंला कसं?"

फुलाबाईला या प्रश्नाची गंमत वाटली. "आता तुला काय सांगावं! कालेजात गेलीस आन ओचा इसरलीस? हातात किती मावणार?" तिनं पदर पुढं घेतला, दोन टोकं डाव्या कमरेला खोचली आणि पोटासमोर झोळी करून दाखवली. आमच्याकडं ओचा म्हणतात तो हाच. दोन्ही हात मोकळे राहतात, फुलं तोडायची आणि ओच्यात टाकत जायची. भरला की एका हातानं दाबून धरायचा, म्हणजे चालताना सांडत नाही.

"दाबून धरला व्हता?"

"मग! डोईवर काय पालखी व्हती?"

बनाबाईनंही तेच सांगितलं. पहाटे पाचला, आंघोळ करून, ओलेत्या केसांनी, अंधारात. जास्वंदच जास्त तोडली. छकुलीनं ओचा केला नव्हता, ती परकर-पोलक्यात होती. तिनं एक टपोरं जास्वंद वेणीत खोचलं होतं. फोड बरोबर तिथंच होते, वेणीखाली मानेवर.

दिपाली हे सगळं वहीत लिहीत होती. माझी पोरगी वहीत लिहितेय आणि सर्जेरावाची बायको तिला उत्तरं देतेय, हे बघून मला बरं वाटलं. चिंता होतीच, पण छाती जरा फुगली हे खोटं कशाला बोलू?

"काल फुलं न्यायला आणखी कोण गेलं व्हतं?" दिपालीनं विचारलं.

बनाबाईनं फुलाबाईकडं बघितलं. मग म्हणाली, "दुपारी बारा वाजता तुजी आय गेली व्हती. पाटी घिऊन. त्याच झाडांची फुलं. तिला मातर कायबी झालं न्हाय."

दिपालीची पेन्सिल थांबली.

"सासूनं कुठल्या फुलांना काय लावलंय, त्ये सुनंला ठावं असणारच की," बनाबाई म्हणाली.

३

घरी येईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आता शकूचंही नाव यात! मी आईसमोर बसलो आणि आवाज चढवला. "आये, तू त्या बागंत कशाला मराया गेलीस? आन दारात आलं तवा तोंड का शिवलंस?"

आई शेळीला चारा घालत होती. "तू वरडू नगंस. पोरीला इचारू दे."

दिपाली तिच्याजवळ उकिडवी बसली. "आजी, परवा सांजच्याला तिकडं का गेली व्हतीस?"

"बाजरीची ताटं गोळा कराया. बागंला लागून बाजरीचा तुकडा व्हता, त्यो कापला. गड्यानं अर्धीमुर्धी ताटं टाकली व्हती. म्हनलं शेरडांना हुतील."

मी चमकलो. सर्जेरावाकडं बाजरी? त्याच्या रानात पंधरा वर्षांत उसाशिवाय काही उगवलं नव्हतं. आमच्या भागात कॅनॉलचं पाणी आल्यापासून बाजरी कोण पेरतो?

"यंदा हौसंनं पेरली व्हती त्यानं," आई म्हणाली. "घरची भाकरी खाईन म्हनला. फुलोऱ्यात आली, आन गवरीला पावनं जास्ती म्हनून मांडव घालाया कापली. हिरवीगार. माजा जीव तुटला बघ."

दिपालीनं गवाणीतलं एक कणीस उचललं. फुलोरा अर्धा कुरतडलेला होता. ती त्या कणसाकडं इतका वेळ बघत राहिली, की शेळीनं मान लांबवून ते तिच्या हातातून ओढून नेलं.

"कवा कापली?"

"गवरी यायच्या आदल्या दिशी. म्या दुसऱ्या सांजंला गेले."

दिपाली उठली. "आण्णा, बिरूमामाकडं जाऊ."

बिरू विहिरीजवळ भेटला. आम्हाला बघून त्यानं घोंगडी खांद्यावर ओढली. भाद्रपदातलं ते ऊन, आणि अंगावर घोंगडी! मला तेव्हाच शंका आली की याचंच काहीतरी काम आहे. सर्जेराव त्याला चारचौघांत कसाही बोलायचा. याच्या मनात राग असणार.

"बिरूमामा, बागेवर औषध फवारलं व्हतं का?" दिपालीनं विचारलं.

"न्हाय बा. गवरीची फुलं म्हनून मालकानं यंदा पंपाला हात लावू दिला न्हाय."

"घोंगडी काढा जरा."

तो मागं सरला. "न्हाय काढनार. माजं दुखनं हाय. कुणाला सांगू नगा."

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन घोंगडी ओढली. त्याचा उजवा खांदा आणि मानेची कड तांबडीलाल होती. रक्त म्हणावं तर तसं नव्हतं. कोरडा लाल लेप दिलेला होता, आणि लेपाखाली फुटलेले फोड.

४

"नागीण हाय," बिरू रडकुंडीला येऊन म्हणाला. "गेरू लावलाय. मालकाला कळलं तर बागंत पाय ठेवू द्यायचा न्हाय. सणासुदीचं देवाच्या फुलांजवळ असलं दुखनं!"

नागीण उठली की गेरू लावायचा, ही आमच्याकडची रीत. दिपालीनं तो लेप नीट बघितला.

"कवा उठली?"

"गवरी आल्या त्या दिशी सकाळी. आदल्या दिशी बाजरी कापली, पेंढ्या खांद्यावर वाहिल्या, लई दमलो. सकाळी बघतो तर ह्ये."

दिपालीनं माझ्याकडं बघितलं. "आण्णा, आजी बागेकडं गेली कवा?"

"गवरी आल्या त्या सांजंला," मी म्हणालो. मग मलाच उमगलं, आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. आई तिथं पोचायच्या दहा तास आधी बिरूच्या खांद्यावर फोड होते.

"मग म्हातारी सुटली!" मी ओरडलो. "चल चावडीवर!"

"नाही सुटली," दिपाली म्हणाली. "आबा म्हणतील, ही नागीण, त्यो बिब्बा, दोन येगळ्या गोष्टी. मला फोड आणणारा समोर ठेवायला पायजे."

दुपारच्या उन्हात आम्ही बागेत गेलो. जास्वंदीच्या झाडांवर निम्मी फुलं फाटलेली होती, पाकळ्यांचे नुसते देठ राहिलेले. आणि त्या फुलांवर बसले होते दोन-अडीच सेंटिमीटरचे काळे भुंगेरे. पाठीवर शेंदरी आडवे पट्टे, मान बारीक, चालणं आळशी. एका फुलावर तीन-तीन, बिनघोर पाकळ्या खात होते. तसं बघितलं तर देखणा किडा.

दिपालीनं एकाला काडीनं दाबलं. त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळे थेंब बाहेर आले. मी काही म्हणायच्या आत तिनं बाही वर केली आणि तो भुंगेरा डाव्या दंडावर ठेवून दाबला.

"अगं ए! डोकं फिरलं का तुजं?"

"दुखत न्हाय काय," ती म्हणाली. "आत्ता न्हाय दुखत. म्हणूनच कुणाला कळलं नसंल."

संध्याकाळी दंड लाल झाला. पहाटे उठली तेव्हा तिथं लिंबाएवढा फोड होता. मी बाप आहे. मला त्या फोडाकडं बघवेना, आणि नजरही काढवेना. तशा हातानं ती मला पाचला पुन्हा बागेत घेऊन गेली. उजाडायच्या आधीच्या गारव्यात ते भुंगेरे फुलांच्या खाली, कळ्यांच्या मधे गपगार लटकलेले होते. हलवलं तरी उडेनात, नुसते टपटप खाली पडत होते.

"ओच्यात," दिपाली म्हणाली.

नऊच्या गाडीनं ती बाटलीत चार भुंगेरे घेऊन बारामतीला निघाली. कॉलेजच्या कपाटात टाचणी लावून ठेवलेल्या नमुन्यांशी जुळवून बघायचं होतं, सरांकडून नाव पक्कं करून घ्यायचं होतं. "चारच्या गाडीनं येते," म्हणाली. चारच्या गाडीनं ती आली नाही.

५

पाचला चावडी भरली. पुरुष वर ओट्यावर, बायका खाली लिंबाखाली. आई बायकांच्या पुढं मांडी घालून बसली होती, पाठ ताठ. शकू तिच्या शेजारी. मी उभाच होतो, मला बसवेना.

"सावळाराम, किती वाट बघायची?" सर्जेराव म्हणाला. "भागूबाई, कबूल हाय का?"

आई गप्प.

"गप बसली म्हंजी कबूल हाय. मंग गावानं ठरवावं..."

तेवढ्यात फाट्यावर गाडी गिअर बदलताना ऐकू आली. एकवीस वर्षं तेच केलेलं असल्यानं माझ्या कानाची चूक होत नाही. दिपाली धावतच आली. आली ती सरळ ओट्याच्या पायरीवर चढली. बाई तिथं चढत नाही, पण तिला ते आठवलं नसावं, आणि अडवायचं कुणाला सुचलं नाही.

तिनं पिशवीतून दोन पांढरी फडकी काढली.

"हे बिब्ब्याचं. तीनदा साबणानं धुतलंय." फडक्यावर काळाकुट्ट डाग होता. "परीट बिब्ब्यानंच कपड्यावर खूण करतो, कारण ती जन्मात जात न्हाय. काकूंच्या मोतिया लुगड्यावर असा डाग हाय का?"

फुलाबाई खालून म्हणाली, "न्हाय."

"फुलांना बिब्बा चोळला असता, तर आधी बोटांच्या बेचक्या उतल्या असत्या. तिघींच्या हाताला कायबी न्हाय. फोड आले ते जिथं फुलं दाबली तिथं. कमरंला, ओच्याखाली. मानेला, वेणीखाली." मग तिनं दुसरं फडकं पसरलं. ते स्वच्छ होतं. "ह्याच्यावर पिवळं पाणी व्हतं. साध्या पाण्यानं गेलं. ते ह्याचं."

तिनं बाटली वर धरली. पट्टेवाले भुंगेरे काचेवर चढत होते. पुढची माणसं वाकली.

"ह्याचं नाव मायलॅब्रिस. फुलं खातो, दिवसा उडतो, गारव्यात निपचित पडतो. दाबला की सांध्यातून पाणी सोडतो. त्या पाण्यानं काही तासांनी फोड येतो. माजी आई दुपारी गेली. तिला उजेडात भुंगेरं दिसलं, तिनं झटकून फुलं घेतली, आन पाटीत टाकली, अंगाला धरली न्हाईत. म्हणून ती वाचली."

"किड्यानं एवढं हुतं व्हय?" सर्जेराव म्हणाला. पण आवाज उतरला होता.

दिपालीनं बाही वर केली.  फुलाबाई उठून जवळ आली, आपल्या कुशीवरचा फोड बघितला, पोरीच्या दंडावरचा बघितला.

"ह्येच हाय वो," ती नवऱ्याला म्हणाली. "डिट्टो ह्येच."

"बरं, पर माज्या बागंत इतकी वर्सं असला किडा न्हवता," सर्जेराव म्हणाला. "ह्याच गवरीला कुठनं आला?"

"बिरूमामा, या," दिपाली म्हणाली.

बिरू आला आणि त्यानं सगळ्यांसमोर घोंगडी काढली. त्याला किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं.

"ह्यांना तिघींच्या आदल्या दिशीच फोड आले. बाजरीच्या पेंढ्या वाहताना. भुंगेरं बाजरीच्या फुलोऱ्यावर व्हती, आबा. फुलोरा हे त्यांचं खाणं. बाजरी उभी असती तर ती तिथंच राहिली असती. तुमी ती मांडवासाठी फुलोऱ्यात कापली. खाणं गेलं, म्हणून शेजारच्या जास्वंदीवर आली. औषधबी फवारलं नव्हतं. आन दोनच दिसांनी पहाटं काकू ओचा घिऊन गेल्या."

चावडीवर सगळे सर्जेरावाकडं बघू लागले. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

तेव्हा खालून आईचा आवाज आला. "हिंगं म्हनत्यात त्याला."

मी गर्रकन वळलो.

"बाजरीवरलं हिंगं. मेंढरं घिऊन बाजरीच्या रानांनी निम्मं आयुष्य काढलं म्या. फुलाबाईचं फोड बघितलं तवाच वळकलं."

"आन मंग बोलला का न्हाय मावशी?" सर्जेराव म्हणाला. कालची भागूबाई आता मावशी झाली होती.

"कुणी इचारलं? तुमी इचारलंसा, बिब्बा कुठं हाय. माजं ऐकून काय म्हनला असता? म्हातारी किड्याचं नाव पुढं करून आपलं पाप झाकती." आई उठली. कुणाचा हात धरला नाही. "आन माज्या नातीनं पुस्तकं घिऊन हुडकाया घेतलं. म्हनलं हुडकू दे. मला किडा ठावं हाय, पर त्यो बाजरीवरनं जास्वंदीवर का गेला, त्ये म्या जन्मात सांगू शकले नसते. त्ये तिनं काढलं."

माझे डोळे भरून आले. चारचौघांत, चावडीवर. लाज वाटली नाही.

सर्जेराव ओट्यावरून उतरून आईच्या पायाशी वाकला. "चुकलं मावशी. माफी करा. गाव सोडायचं इसरा."

"सोडनार कोन व्हतं?" आई म्हणाली. "म्या साधं बोचकंसुदीक बांधलं न्हवतं. आन माफी मला नगं. काल माज्या दारात येऊन समद्या गावाम्होरं माजं नाव घेतलंस न्हवं? आता त्याच तोंडानं माज्या नातीचं नाव घे. पुरं घे."

सर्जेराव उभा राहिला. घसा खाकरला. "दिपाली सावळाराम मदने."

"शिक्शन?"

"बीएस्सी."

"मोठ्यानं," आई म्हणाली. "मागं ऐकू गेलं न्हाय."

सर्जेरावानं पुन्हा, चांगलं ओरडून, माझ्या पोरीचं नाव घेतलं.